अर्धा सूर खाली

मिसेस ब्लँचर्ड डेक घेऊन आल्या
न्हाऊ घातलेल्या बाळासारखा टॉवेलात गुंडाळून.
ग्रिम्सबीत त्या दिवशी वारा गोदीकडून होता,
माझ्या दुकानातल्या सोल्डरच्या धुरालाही
मासळीचा वास येत होता.
"चालतो तसा," त्या म्हणाल्या, "पण हल्ली मधेच फीत खातो."

चंदेरी दर्शनी भाग, काचेमागे दोन काटे
पिवळट उजेडात आडवे झोपलेले.
प्लेच्या बटणावरची अक्षरं बोटानं पार पुसलेली.
रेकॉर्डचं लाल बटण मात्र
काल दुकानातून आणल्यासारखं.

झाकण काढलं.
आतला रबरी पट्टा
परकराच्या जुन्या इलॅस्टिकसारखा लोंबत होता.
स्पिरिटचा बोळा हेडवरून फिरवला,
तपकिरी गाळ निघाला:
अडतीस वर्षांत घासून घासून
निघालेलं थोडं थोडं बोलणं.
तो बोळा मी नेहमीसारखा टाकून दिला.

नवा पट्टा चढवला. चाचणीची फीत लावून
मोटरच्या पाठीतला स्क्रू फिरवत राहिले,
सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर,
तसूभर इकडे नाही, तिकडे नाही.
मिरजेला अण्णा तंबोऱ्याच्या तारेखाली
जवारीचा दोरा सरकवायचे,
तसा श्वास धरून.

शनिवारी त्या आल्या. पर्समधून कॅसेट काढली.
तिच्या पाठीवरच्या दोन्ही चकत्या मोडलेल्या,
यावर आता कुणी काही भरू नये म्हणून.

दाबलं.
आधी दूर कुठे पीठ चाळल्यासारखी खरखर.
मग एक माणूस:
"एक, दोन, तीन. लागलाय का हा?
काटा हलतोय बघ, ईनिड. तिकडून बोल काहीतरी.
गाऊ नकोस गं, नुसतं बोल.
बरं राहू दे. किटली बघ."
एवढंच.

मिसेस ब्लँचर्ड यंत्राकडे बघत राहिल्या,
दारात भलताच पोस्टमन उभा असावा तशा.
"हा कोण?"
"तुमचेच मिस्टर ना?"
"केन असा नाही बोलायचा. हा कुणी पोरगा आहे.
आणि घाईत आहे."

मी मीटर दाखवणार होते.
वेग मोजलाय, बाई, आकड्यात काही खोट नाही,
असं तोंडावर आलं होतं,
आणि तिथेच अडलं.

केन गेले सत्त्याऐंशीत, एक्केचाळिसाव्या वर्षी.
डेक त्याच वर्षी नवा आणलेला.
पट्टा मात्र दर हिवाळ्यात
केसभर सैलावत गेला,
दर रविवारी, चहा मुरेपर्यंत,
आवाज केसभर खाली, केसभर सावकाश.
तो पन्नाशीचा झाला. साठीचा झाला.
जिन्यावर मधे थांबू लागला असेल,
चष्मा शोधू लागला असेल.
मी आठवड्याभरात त्याला पुन्हा
एक्केचाळीसचा करून ठेवला,
आणि समोर उभ्या बाई अठ्ठ्याहत्तरच्या.

पेचकस घेतला. स्क्रू डावीकडे, नखाएवढा.
"अजून?"
"अजून."
फीत मागे. पुन्हा एक, दोन, तीन.
"अजून थोडं."
काळी दोनवरून आवाज पांढरी दोनवर उतरला,
"किटली"तला ट लांबला, जड झाला,
"बघ"च्या शेवटी दम लागल्यासारखा श्वास आला.

"हां," त्या म्हणाल्या,
आणि माझ्या स्टुलावर बसल्या, न विचारता.
"आता आलाय घरी."

पावती लिहिली. पट्टा बदलला. हेड साफ केले.
वेगापुढे, थोडं थांबून: बरोबर.
टॉवेलात गुंडाळून डेक त्यांच्या गाडीत ठेवला,
सीटबेल्ट लावला त्याला, त्यांनीच.

पट्ट्यावर मी सहा महिन्यांची गॅरंटी देते.
हल्लीचं रबर वीस-वीस वर्षं ढळत नाही.
एरवी ते मी हौसेनं सांगते गिऱ्हाइकाला.